टाकलखेड्याहून सियाचेनकडे

जागांची नोंद ठेवण्याची रीत आमच्या रिद्धपूरला नवी नाही. महानुभावांच्या स्थानपोथीत कोणते स्थान कोणत्या दिशेला, हे शब्दांत लिहून ठेवले आहे. पण भूगोलाच्या तासाला आमच्या उर्दू शाळेतील मुलांना नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. हिमालयाकडे गेलेली मोजणीची साखळी आपल्या वऱ्हाडातून गेली आहे.

विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासहून मोजणी सुरू केली. त्रिकोणाला त्रिकोण जोडत ती एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूरजवळ आली. इंग्रजी कागदांत तिथल्या ठाण्याचे नाव टाकलखेडा. १८२३ साली लॅम्बटन हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने इथूनच साखळी उत्तरेला नेऊन डेहराडूनला भिडवली. सर्वांत उंच शिखराला त्याचे नाव मिळाले.

त्यापलीकडचा बर्फाचा मुलूख ज्यांनी कागदावर उतरवला, त्यांची नावे मुलांना कोणी सांगत नाही. मुंशी मुहंमद हमीद १८६३ मध्ये व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर लेहहून यारकंदला गेले. परतताना वाटेतच त्यांचा इंतकाल झाला. नोंदी तेवढ्या वाचल्या. त्यांवरून यारकंदची जागा नकाशावर पक्की झाली.

खान साहिब अफराज गुल खान १९२६ मध्ये केनेथ मेसन यांच्याबरोबर शक्सगाम खोऱ्यात गेले. तिथे क्यागर हिमनदी दरी अडवून उभी होती, पुढे वाट मिळेना. १९२९ मध्ये डच प्रवासी व्हिसर यांच्या मोहिमेत ते सियाचेनच्या भागात मोजणी करत होते. मुहंमद अक्रमही सोबत होते.

हत्यार काय, तर तिपाईवर फळी, फळीवर कागद आणि नेम धरायची पट्टी. हिमनदी सरकत असते, म्हणून तिच्या पाठीवरचा धोंडा खूण म्हणून चालत नाही. काठच्या पक्क्या खडकावर चढावे लागते. तिथून ओळखीची तीन शिखरे दिसली पाहिजेत. धुके आले की दिवस फुकट. त्यात उन्हाळ्यात बर्फ वितळतो आणि सकाळी ओलांडलेली नदी दुपारनंतर पाऊल ठेवू देत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही शाळेच्या मैदानात स्टुलावर फळी मांडली. मशिदीचा मिनार, मंदिराचा कळस आणि पाण्याची टाकी, या तिघांवर नेम धरून रेघा ओढल्या. त्या एका बिंदूत मिळायला हव्या होत्या. मधे बोटभर त्रिकोण उरला. असा त्रिकोण मोजणीदारांनाही पडतो, असे आम्ही सांगेपर्यंत पोरे खोडरबर शोधू लागली होती.