पाण्याला हवेची उशी : सतत सुरू-बंद होणाऱ्या पंपामागचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/ विहिरीवरच्या घरगुती पंपाला जडणारी एक व्याधी फार जुनी आहे. नळ उघडताच पंप सुरू होतो, काही सेकंदांत थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते आणि तापते. म्हणून असा पंप पाणी उपसून थकत नाही. तो वारंवार जागा होऊन जळतो. दोष मात्र बहुधा पंपात नसतो, शेजारच्या टाकीतल्या हवेत असतो. ती हवा तिथे का ठेवावी लागली, याची ही कथा.

२/ इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबियस नावाचा यंत्रकार होऊन गेला. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस त्याला न्हाव्याचा मुलगा म्हणतो. त्याच्या पंपात दोन नळकांडी, दोन दट्टे आणि पाण्याला मागे फिरू न देणाऱ्या झडपा होत्या. एक दट्ट्या खाली जाई तेव्हा दुसरा वर येई. एकदिशा झडप ही कल्पना इथे पूर्णत्वाला पोहोचली. आजच्या विहिरीतला फूट व्हॉल्व्ह, शेतकऱ्यांच्या तोंडी ‘फुटबॉल’ झालेला, तिचाच वंशज.

३/ या रचनेत एक उणीव मात्र राहिली. दट्ट्याची दिशा बदलण्याच्या क्षणी दाब कोसळे आणि धार तुटे. शेताला पाणी पाजताना हे खपून जाते; आग विझवताना खपत नाही. तुटक धार प्रत्येक झटक्यागणिक जवळ पडते, दूर जाते आणि पुन्हा पायाशी येते. तिचा थोडाच भाग ज्वाळेपर्यंत पोहोचतो.

४/ सप्टेंबर १६६६ मध्ये लंडन पेटले, तेव्हा या उणिवेची किंमत साऱ्यांना दिसली. बादल्या, हातपिचकाऱ्या आणि ओबडधोबड बंब एवढेच साधन हाती होते. १३ हजारांहून अधिक घरे आणि ८७ चर्च भस्मसात झाली. आगीला वारा आणि लाकडी घरे यांची साथ होती, हे खरे. पण तिच्यासमोर उभी राहणारी अखंड धार माणसांकडे नव्हती, हेही तितकेच खरे.

५/ उत्तराचा एक धागा त्याआधीच हाती आला होता. १६६२ मध्ये रॉबर्ट बॉइलने एक नियम प्रसिद्ध केला : तापमान कायम असेल, तर दाब वाढतो त्या प्रमाणात हवेचे आकारमान घटते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही; हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते आणि उसळते. पंप आणि नळी यांच्यामध्ये हवेने भरलेले बंद पात्र ठेवले, तर दट्ट्याच्या जोरात हवा दबेल आणि दट्ट्या फिरण्याच्या क्षणी तीच हवा पाणी पुढे ढकलेल.

६/ लंडनच्या रिचर्ड न्यूशमने १७२१ आणि १७२५ मध्ये आपल्या बंबांचे पेटंट घेतले. त्याच्या बंबात असे वायुपात्र होते. दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर माणसे आळीपाळीने जोर लावीत आणि नळीतून मात्र सलग धार निघे. १७३१ मध्ये न्यूयॉर्क शहराने असे दोन बंब मागवले.

७/ मराठी मुलुखाने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला होता. मोटेचे पाणीही तुटकच येते : बैल उतरणीला लागले की मोट वर येते, रिकामी होते, मग पुढची मोट येईपर्यंत काही नाही. पण मोट ओतली जाते थारोळ्यात आणि थारोळ्यातून पाट वाहतो. तुटक आवक आणि सलग जावक यांच्यामध्ये काही साठा हवा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. थारोळे उघडे असते आणि उतारावर विसंबते. वायुपात्र बंद असते आणि हवेच्या उसळीवर विसंबते.

८/ वायुपात्र घरगुती पाण्याच्या कामी आले १७७२ मध्ये. डर्बीचे घड्याळजी जॉन व्हाइटहर्स्ट यांनी चेशर परगण्यातल्या ओल्टन येथे एक यंत्र बसवले. स्वयंपाकघराचा नळ उघडून झटकन बंद केला की लांब नळीतल्या वाहत्या पाण्याला धक्का बसे. तो धक्का झडपेतून वायुपात्रात शिरे आणि तिथून पाणी वरच्या टाकीत चढे. १७९६ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ मोंगोल्फिए यांनी, उष्ण हवेचा फुगा उडवणाऱ्या बंधूंपैकी एकाने, नळ उघडण्या-मिटण्याचे काम झडपेवर सोपवले. हाच हायड्रॉलिक रॅम.

९/ या यंत्रांनी एक नवी अडचण पुढे आणली : पात्रातली हवा हळूहळू नाहीशी होई. कुठेही गळती नसताना असे का व्हावे? खुलासा १८०३ मध्ये विल्यम हेन्रीच्या नियमाने झाला. दाब जितका जास्त, तितका वायू पाण्यात अधिक विरघळतो. पाणी आपली उशी स्वतःच खात होते. हवा संपली की यंत्राचे ठोके थेट नळ्यांवर बसत. म्हणून रॅममध्ये एक बारीक छिद्र ठेवण्याची रीत पडली. प्रत्येक ठोक्याला ते चिमूटभर हवा आत घेई.

१०/ विसाव्या शतकात हीच उशी अमेरिकेच्या खेड्यांत पोहोचली. १९३५ मध्ये तिथल्या दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. उरलेल्या घरांत पाणी बहुधा बायका-मुले बादलीने वाहत. त्या वर्षी ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा उभी राहिली, १९३६ मध्ये कायदा झाला आणि विजेमागोमाग विहिरीवर पंप, पत्र्याची बंद टाकी आणि प्रेशर स्विच आले. दाब ठरावीक पातळीखाली गेला की स्विच पंप सुरू करतो, वरची पातळी गाठली की बंद करतो. मधला वेळ टाकीतली हवा निभावते.

११/ ती किती निभावते, हे बॉइलच्या नियमाने काढता येते. स्विच ३० पौंडांवर सुरू आणि ५० पौंडांवर बंद होतो असे धरू. वातावरणाचे सुमारे १५ पौंड मिळवले की खरे दाब ४५ आणि ६५ होतात. टाकीत ९० लिटर हवा असेल, तर ती दबून सुमारे ६२ लिटर होते. म्हणजे पंप थांबल्यावर जवळपास २८ लिटर पाणी मिळते. हवा १० लिटरच उरली, तर मिळते जेमतेम ३ लिटर. मिनिटाला १० लिटर देणारा नळ पहिल्या टाकीवर पावणेतीन मिनिटे चालतो, दुसरीवर अठरा सेकंद.

१२/ जुन्या टाक्यांत हवा विरघळे, म्हणून त्या मधूनमधून रिकाम्या करून पुन्हा हवा भरावी लागे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रबरी पडद्याच्या टाक्या रूढ झाल्या. हवा आणि पाणी यांच्यामध्ये पडदा आला आणि हेन्रीच्या नियमाला बांध बसला. पडदा फाटला, की मात्र इतिहास पुन्हा सुरू होतो.

१३/ म्हणूनच आजच्या बिघाडाचा तपासही याच इतिहासाच्या वाटेने जातो. सारे नळ बंद असतानाही पंप मधूनच सुरू होत असेल, तर संशय क्टेसिबियसच्या वारशावर : झडप किंवा नळी गळते आहे. नळ चालू असतानाच भराभर सुरू-बंद होत असेल, तर संशय व्हाइटहर्स्टच्या वारशावर : हवा गेली आहे. टाकीच्या हवेच्या तोंडातून पाणी आले, तर पडदा फाटला. नुसती हवाच कमी असेल, तर वीज तोडून, टाकी रिकामी करून, स्विचच्या खालच्या पातळीपेक्षा दोन पौंड कमी इतकी हवा भरायची.

१४/ महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी हा प्रश्न गच्चीवरच्या टाकीने, म्हणजे उंचावर नेलेल्या थारोळ्यानेच सोडवला आहे. पण आता बंगल्यांत आणि इमारतींत प्रेशर पंप येत आहेत आणि त्यांच्यासोबत ती छोटी बंद टाकीही. लोक पंपाची किंमत पाहतात आणि टाकीकडे दुर्लक्ष करतात. मोटारीचे आयुष्य मात्र त्या टाकीत कोंडलेल्या हवेवर ठरते.