दडलेल्या तापाचा माग

तीन आठवडे ताप, रिपोर्ट सगळे नॉर्मल. अशा कारण न सापडणाऱ्या तापाची व्याख्या पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी 1961 साली केली. त्यांच्या 100 रुग्णांपैकी 36 जणांत अखेर संसर्गच निघाला. तो शोधायला तेव्हा प्रसंगी पोट उघडून बघावं लागे.

न कापता सगळं शरीर धुंडाळायची सोय झाली ती कर्करोगाच्या निमित्ताने. 1969 साली ओक रिज इथे एडवर्ड्स आणि हेज यांना किरणोत्सारी गॅलियम गाठीत साचताना दिसलं. लवकरच लक्षात आलं, की ते पू झालेल्या जागीही साचतं. कर्करोगाच्या तपासात जो घोटाळा, तोच तापाच्या तपासात धागा ठरला. 1976च्या सुमारास मॅकाफी आणि भारतीय वंशाचे मॅथ्यू ठाकूर यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाच कामाला लावलं. रुग्णाच्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना किरणोत्सारी इंडियम जोडायचं आणि पुन्हा शिरेत सोडायच्या. जिथे संसर्ग, तिथे त्या आपणहून पोचतात.

आजच्या पेट स्कॅनमधली ‘एफडीजी’ ही किरणोत्सारी साखर 1976 सालीच माणसाला पहिल्यांदा दिली गेली, ती मेंदू पाहण्यासाठी. पेशी ती ओढून घेतात, पण पुरती पचवू शकत नाहीत. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी जास्त साखर ओढतात, म्हणून ती जागा उजळते. दर 110 मिनिटांनी तिचा किरणोत्सार निम्मा होतो. त्यामुळे ती बनवणारं सायक्लोट्रॉन फार लांब असून चालत नाही. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं.

पण स्कॅनमध्ये उजळलेला मणका क्षयाचाही असतो आणि जनावरांकडून माणसात येणाऱ्या ब्रुसेला या जंतूचाही. नेवासे तालुक्यातल्या घोडेगावसारख्या जनावरांच्या बाजाराच्या गावात हा दुसरा संशय आधी यावा. गाय गाभडते, वार अडकते, घरचा माणूस ती उघड्या हातांनी काढतो. किंवा दूध न तापवताच पितो. पुढे ताप येत-जात राहतो, कंबर धरते. स्कॅन जागा दाखवतो. रोगाचं नाव रक्ततपासणीत किंवा सुईने काढलेल्या तुकड्यात कळतं. आणि ब्रुसेलाची रक्ततपासणी लिहून द्यायची, तर डॉक्टरांनी रुग्णाला गोठ्याबद्दल विचारलेलं असावं लागतं. त्या प्रश्नाला सायक्लोट्रॉन लागत नाही.