पश्चिम नौदल कमांड

पश्चिम नौदल कमांड ही भारतीय नौदलाच्या तीन कमांडांपैकी एक असून तिचे मुख्यालय मुंबई येथे आहे. पूर्व कमांडचे मुख्यालय विशाखापट्टणम येथे, तर प्रामुख्याने प्रशिक्षणाची जबाबदारी असलेल्या दक्षिण कमांडचे मुख्यालय कोची येथे आहे. गुजरात, महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक या राज्यांचा किनारा आणि त्यापुढील अरबी समुद्र हे पश्चिम कमांडचे मुख्य कार्यक्षेत्र होय. पश्चिम आशियातून भारतात येणारे खनिज तेल याच समुद्रातून येते, तसेच ‘बॉम्बे हाय’ हे तेलक्षेत्रही येथेच आहे. कमांडचा प्रमुख व्हाइस ॲडमिरल दर्जाचा अधिकारी असतो. त्याच्या पदास ‘फ्लॅग ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ’ असे म्हणतात.

इतिहास

मुंबईच्या नौदल गोदीचा वारसा अठराव्या शतकापर्यंत जातो. १७३६ साली सुरतेहून आलेले कुशल जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया यांनी येथील गोदीच्या कामाचा पाया घातला. वाडिया घराण्याने ब्रिटिश आरमारासाठीही युद्धनौका बांधल्या. १८१७ साली मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही नौका इंग्लंडमध्ये आजही जतन केलेली आहे. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव मुंबईतील नौदल तळास १९५१ साली देण्यात आले. तो तळ ‘आयएनएस आंग्रे’ या नावाने ओळखला जातो.

पश्चिम कमांडची स्थापना १ मार्च १९६८ रोजी झाली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली हे तिचे प्रमुख होते. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. या लहान नौकांचा पल्ला मर्यादित असल्याने ‘किल्तान’ व ‘कच्छाल’ या मोठ्या नौका सोबतीस आणि ‘पोषक’ ही तेलवाहू नौका इंधनासाठी देण्यात आली होती. ४ डिसेंबर हा दिवस ‘नौदल दिन’ म्हणून पाळला जातो. याच युद्धात ९ डिसेंबर रोजी दीवजवळ ‘खुकरी’ ही फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक हुतात्मा झाले.

रचना

कमांडच्या रचनेत सज्जता राखणे आणि समुद्रावर प्रत्यक्ष नेतृत्व करणे ही कामे वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे सोपविलेली आहेत. समुद्रातील मुख्य बळ म्हणजे पश्चिम ताफा. त्याचे नेतृत्व रिअर ॲडमिरल दर्जाचा अधिकारी करतो. पाणबुड्यांसाठी स्वतंत्र अधिकारी असतो. मुंबईच्या नौदल गोदीचा कारभार ॲडमिरल सुपरिंटेंडेंट पाहतो. महाराष्ट्र, गुजरात, गोवा व कर्नाटक येथील नौदल क्षेत्रांना निरनिराळे प्रमुख आहेत.

मुंबईखेरीज कारवार येथील ‘आयएनएस कदंब’ हा मोठा तळ २००५ साली कार्यान्वित झाला. गोव्यात दाबोळी येथील ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा प्रमुख हवाई तळ असून मुंबईत कुलाबा येथे ‘आयएनएस शिक्रा’ हा हेलिकॉप्टर तळ आहे.

सज्जतेची प्रक्रिया

ताफ्यातील सर्व नौका एकाच वेळी मोहिमेवर पाठविता येत नाहीत. प्रत्येक नौकेला ठरावीक काळानंतर मोठ्या दुरुस्तीसाठी गोदीत यावे लागते. दुरुस्तीनंतर बंदरात व समुद्रात चाचण्या होतात. त्यानंतर ‘फ्लॅग ऑफिसर सी ट्रेनिंग’ यांच्या पथकाकडून नौकेची व तिच्यावरील नौसैनिकांची कसोटी घेतली जाते. आग विझविणे, शिरलेले पाणी रोखणे, शस्त्रे चालविणे अशा प्रसंगांचा सराव करून घेतल्यावरच नौका ताफ्यात दाखल होते. पुढे ताफ्याचे एकत्रित सराव, तसेच फ्रान्ससोबत ‘वरुण’, ब्रिटनसोबत ‘कोकण’ व ओमानसोबत ‘नसीम अल बहर’ यांसारखे संयुक्त सराव होतात.

दूरवरच्या मोहिमांसाठी ‘दीपक’सारख्या पुरवठा नौका चालत्या युद्धनौकांना इंधन व रसद देतात. मित्रराष्ट्रांच्या बंदरांतही पुरवठ्याची सोय होते. २०१७ पासून नौदलाने महत्त्वाच्या सागरी मार्गांवर सज्ज नौका सतत तैनात ठेवण्याची पद्धत स्वीकारली.

प्रमुख मोहिमा

ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात चाचेगिरीविरोधी गस्त सुरू झाली. जुलै २००६ मध्ये लेबनॉनमधील युद्धाच्या वेळी ‘मुंबई’, ‘ब्रह्मपुत्रा’, ‘बेतवा’ व ‘शक्ती’ या नौका भूमध्य समुद्राच्या दौऱ्यावरून परतत होत्या. त्यांना तत्काळ वळवून ‘ऑपरेशन सुकून’ अंतर्गत सुमारे २,२८० लोकांना बाहेर काढण्यात आले. २०१५ मधील येमेनच्या ‘ऑपरेशन राहत’मध्ये गस्तीवरील ‘सुमित्रा’ नौका सर्वप्रथम एडनला पोहोचली. ‘मुंबई’ व ‘तर्कश’ मुंबईहून रवाना झाल्या.

मार्च २०२४ मध्ये ‘कोलकाता’ या विनाशिकेने अपहृत ‘रुएन’ जहाजास सुमारे ४० तास रोखून धरले. हवाई दलाच्या विमानातून ‘मार्कोस’ कमांडो समुद्रात उतरविण्यात आले. १७ खलाशांची सुटका झाली आणि शरण आलेल्या ३५ चाच्यांना मुंबई पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले.

किनारी सुरक्षा

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी सागरी मार्गाने आले होते. त्यानंतर २००९ साली सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली. तटरक्षक दल, राज्य पोलीस व इतर यंत्रणांशी समन्वयासाठी मुंबईत संयुक्त कार्य केंद्र उभारण्यात आले.

दुर्घटना

१४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीवर स्फोट होऊन १८ जणांचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सिंधुरत्न’ पाणबुडीवरील दुर्घटनेनंतर नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. डिसेंबर २०१६ मध्ये ‘बेतवा’ ही फ्रिगेट गोदीतच कलंडली व दोघांचा मृत्यू झाला. २१ जुलै २०२४ रोजी दुरुस्तीसाठी गोदीत असलेल्या ‘ब्रह्मपुत्रा’वर आग लागली; त्यात एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. लेबनॉनमधील सुटकेत सहभागी झालेल्या ‘बेतवा’ व ‘ब्रह्मपुत्रा’ या दोन्ही नौकांची मोठी हानी युद्धात नव्हे, तर गोदीत झाली.