वाटाड्या

मराठी भाषेतील काही शब्द असे आहेत की, ते उच्चारताच एक सबंध समाजव्यवस्था डोळ्यांपुढे उभी राहते. ‘वाटाड्या’ हा त्यांपैकीच एक होय. वाट दाखवितो तो वाटाड्या, एवढाच त्याचा कोशातील अर्थ. परंतु वाट एकास ठाऊक असावी आणि तिचा उपयोग दुसऱ्याने करावा, ही जुनी विभागणी त्या शब्दाच्या पोटात दडलेली आहे. हल्ली मोटारीच्या पुढील फळीत गाणे वाजविणारे व वाट सांगणारे असे जोडयंत्र मागाहून बसवून घेण्याची चाल पडली आहे. अशाच एका यंत्राने आम्हांस नुकताच जो अनुभव दिला, त्यावरून या वाटाड्याच्या पूर्वेतिहासाकडे आमचे लक्ष वेधले. तो विचार वाचकांपुढे ठेवीत आहो.

नाणेघाट कोकणच्या बाजूने पाहावा असा आमचा फार दिवसांचा मनोदय होता. आमच्या पुतण्याने आपल्या जुन्या मोटारीत असे यंत्र नवेच बसवून घेतले होते. शहापुराहून निघून किन्हवली, सरळगाव या मार्गाने मुरबाड तालुक्यात शिरावे व माळशेजच्या रस्त्याने वैशाखऱ्यास जावे, असा बेत ठरला. “काका, आता कोणाला विचारायला नको,” असे पुतण्याने मोठ्या विश्वासाने सांगितले. किन्हवली येईपर्यंत त्याचा विश्वास बराच ओसरला होता. कारण यंत्राच्या पडद्यावर आमची मोटार अद्यापि शहापूरच्या बाजारातच उभी होती. गाण्याचीही तीच कथा. तबला ऐकू येई, पण डग्गा नाहीसा झालेला. आणि मोटारीचा वेग वाढावा तसतसा गायकाच्या आवाजामागे एक बारीक किणकिणाट चढत जाई. वाटेत चहासाठी थांबून किल्ली काढली, तर परत येईपर्यंत यंत्र घड्याळासकट सर्व काही विसरून गेलेले!

अखेरीस सरळगावाहून वाट वाकडी करून आम्ही मुरबाडास एका मिस्त्र्याकडे गेलो. त्याने फळी उघडली व तासाभरात चारही दोषांची उकल करून दाखविली. ती इतकी तर्कशुद्ध होती की, तिची नोंद करणे आम्हांस अवश्य वाटते. अशा यंत्रास बहुधा पिवळी तार बॅटरीतून अखंड वीज पुरविते व तिच्यावर त्याची स्मरणशक्ती अवलंबून असते. तांबडी तार किल्ली फिरविल्यावरच जागी होते. बसविणाऱ्याने या दोहोंची अदलाबदल केली होती, म्हणून किल्ली काढताच स्मृतिभ्रंश होई. काळी तार गाडीच्या लोखंडी अंगास जोडावयाची. ती रंग न खरवडता रंगावरच आवळली असल्यामुळे वीजजनित्राचा किणकिणाट गाण्यात उतरत होता. एका ध्वनिक्षेपकाच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. त्यामुळे एकाचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई, व दोहोंचा खर्ज परस्परांस मारून टाकी. आणि उपग्रहांचा संदेश झेलणारी लहानशी चकती फळीखालच्या लोखंडी आडव्या पट्टीआड दडपली होती. तिला आकाशच दिसत नव्हते. मिस्त्र्याने ती काढून काचेखाली मोकळी चिकटविली. थोड्याच वेळात पडद्यावरची मोटार शहापूर सोडून मुरबाडास आली.

ज्या यंत्राला आम्ही सर्वज्ञ समजत होतो, त्याचे ज्ञान असे चार तारांवर व आकाशाच्या एका तुकड्यावर टांगलेले पाहून आम्हांस नवल वाटले. परंतु वाटाड्याचा इतिहास पाहू जाता तो सर्वच असा परावलंबी दिसतो.

नाणेघाट हा त्या इतिहासाचा आपल्या प्रांतातील अतिप्राचीन पुरावा होय. सोपारा-कल्याणची बंदरे व जुन्नर-पैठणकडील देश यांना जोडणारी ही वाट सातवाहनांच्या काळी वाहती होती. घाटमाथ्याजवळील लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला ब्राह्मी लेख इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यात यज्ञांतील दक्षिणांचे जे आकडे आहेत, ते भारतीय अंकांच्या इतिहासात फार मोलाचे ठरले. जवळच एक प्रचंड दगडी रांजण असून जकात त्यात टाकीत, अशी परंपरा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ म्हणजे सागरी व्यापाऱ्यांचा लिखित वाटाड्याच. कल्याणचा व्यापार अडविला गेला आहे व तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यानिशी भडोचास नेतात, असा इशारा त्यात दिलेला आढळतो. म्हणजे कोठे जावे एवढेच सांगून वाटाड्याचे काम संपत नाही. कोणती वाट आज बंद आहे हेही त्यास ठाऊक असावे लागते. परंतु लेखात राजा-राणीची नावे राहिली, ग्रंथात बंदरांची राहिली. घाटातून बैलांचे तांडे चढविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोठे राहिले नाही.

पुढील काळी गावगाड्यात वाट दाखविण्याचे काम वतनाचाच भाग होऊन बसले. सरकारी अंमलदार आला की, त्यास शिवेपर्यंत वा पुढील गावापर्यंत पोचविणे, टपाल व वसूल नेणे, ही कामे महार वतनदारांकडे असत. दिवस असो, रात्र असो, हाक येताच निघावे लागे; मोबदला अत्यल्प. ज्या मनुष्यास पंचक्रोशीतील प्रत्येक वाट ठाऊक, त्यासच गावातील कित्येक वाटा व पाणवठे बंद होते, हा विरोध आपल्या पूर्वजांना विरोध म्हणून दिसलाही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या सुधारणेचे बिल मांडले; आणि अशी कनिष्ठ ग्रामवतने मुंबई राज्यात कायद्याने नष्ट झाली ती 1958 च्या कायद्यामुळे. वाटाड्याचा इतिहास लिहिताना हे प्रकरण गाळणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा होईल.

इंग्रजी अमलात हे ज्ञान माणसाच्या डोक्यातून कागदावर उतरू लागले. 1802 साली लॅम्बटनने मद्रासेजवळ आरंभिलेली त्रिकोणमितीची मोजणी पुढे सबंध देशभर पसरली. जेथे उघडपणे मोजणी करणे अशक्य, त्या तिबेटात नैनसिंग रावतासारखे ‘पंडित’ पाठविण्यात आले. ते पावले मोजीत चालत व मोजणीसाठी एकशेआठ मण्यांऐवजी शंभर मण्यांची माळ बाळगीत. चाललेले अंतर व दिशा यांवरून आपले स्थान काढावयाचे, हीच युक्ती 1985 साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘एटॅक’ या मोटारीतील यंत्राने वापरली. चाकांचे फेरे व होकायंत्र यांवर ते चाले, आणि त्याचे नकाशे गाण्याच्या ध्वनिफितीसारख्याच फितींवर भरलेले असत. गाणे व वाट यांची सोयरीक अशी जुनी आहे.

उपग्रहांनी पावले मोजण्याची गरज उरू दिली नाही. प्रत्येक उपग्रहात अत्यंत काटेकोर अणुघड्याळ असते. त्याच्या संदेशास पोचण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघते, आणि चार उपग्रह दिसले की स्थान निश्चित होते. परंतु हा आकाशातील वाटाड्याही प्रथम परकीय लष्कराचाच चाकर होता. नागरिकांस मिळणाऱ्या संदेशात अमेरिका हेतुपुरस्सर चूक मिसळीत असे. ती पद्धत मे 2000 मध्ये बंद झाली. आपल्या देशाने 1 जुलै 2013 रोजी स्वतःच्या मालिकेतील पहिला उपग्रह सोडला, व पुढे त्या मालिकेस ‘नाविक’ असे समर्पक नाव मिळाले. त्या पहिल्याच उपग्रहाची घड्याळे काही वर्षांत निकामी झाली; त्याच्या जागी 2017 साली धाडलेला उपग्रह अग्निबाणाचे कवच न सुटल्यामुळे आतच अडकला; 2018 साली दुसरा यशस्वीपणे गेला. स्वदेशी अणुघड्याळ असलेला उपग्रह 2023 च्या मे महिन्यात सोडण्यात आला. मुरबाडच्या मिस्त्र्याने फळीमागे जे केले, तेच काम आमच्या शास्त्रज्ञांना आकाशात करावे लागले असे म्हटले, तर ते त्यांस कमीपणाचे वाटू नये.

असो. यंत्र दुरुस्त झाले व आम्ही वैशाखऱ्याच्या पुढे आलो. नाणेघाटाचा कडा समोर उभा. आणि यंत्र मात्र माळशेज चढून जुन्नरच्या बाजूने कित्येक मैलांचा वळसा घेण्यास सांगू लागले. मोटारीच्या दृष्टीने ते खोटे नव्हते. रस्त्याकडेला लाकडाची मोळी उतरवून बसलेल्या एका ठाकूर म्हाताऱ्यास विचारले, “बाबा, नाणेघाटाची वाट कोठून?” तो पडद्याकडे पाहून हसला. “दादा, ती वाट गाडीची नाय, पायाची हाय. गाडी हितंच ठेवा.” मग त्याने पायवाट कोठे फुटते, ओढा कोठे लागतो, हे हाताने दाखविले. तो बोलत होता तेवढा वेळ यंत्र “मागे वळा” एवढेच म्हणत होते.

या प्रसंगाचे कौतुक करून येथेच थांबता आले असते. परंतु शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टीत ही गोष्ट केवळ सहलीची नव्हे. येथे ठाकूरवाडी व कातकरवाडी या नावांची वस्ती एक नव्हे, अनेक आहेत. यंत्रास नाव सांगावे तर ते भलत्याच वाडीकडे नेऊ शकते. पावसाळ्यात आजाऱ्यास किंवा अडलेल्या बाईस झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत उपग्रहाचे यंत्र असले, तरी पाड्याचे नाव आणि त्याची वाट नकाशात नसल्यास ते काय दाखविणार? यंत्र आपण कोठे आहोत हे सांगते. वाट मात्र त्यास कोणीतरी शिकवावी लागते.

ती शिकविणारे लोक डोंगरात हयात आहेत. नकाशाविषयीचे पूर्वीचे सरकारी निर्बंध फेब्रुवारी 2021 मध्ये पुष्कळसे सैल झाले आहेत. ग्रामपंचायती, शाळांतील शिक्षक व महाविद्यालयांतील विद्यार्थी यांनी पाड्यापाड्यांतून जाऊन तेथील माणसांच्या तोंडून नावे व वाटा लिहून घेणे आता अशक्य नाही. मात्र हे काम जुन्या वतनासारखे वेठीचे होऊ नये. ज्याने वाट सांगितली त्यास तिचे श्रेय, योग्य मोबदला, आणि त्या वाटेने त्याच्या दारापर्यंत येणारी रुग्णवाहिकाही मिळावी. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातील वाटाड्याचे नाव कोणी कोरून ठेवले नाही. त्या दिवशी आम्हीही त्या म्हाताऱ्याचे नाव विचारावयास विसरलो, हे येथे कबूल करतो.