ऑलिव्हची मर
१७. मर : ऑलिव्हचा हा रोग व्हर्टिसिलियम डाहलिए या मातीतल्या बुरशीमुळे होतो. ती मुळांतून शिरून जलवाहिन्या कोंडते. जमिनीत ओल असूनही फांद्या वाळतात. तिच्या सूक्ष्म काळ्या गाठी मातीत १० वर्षांहूनही अधिक तग धरतात, आणि खोडात शिरलेल्या बुरशीवर खात्रीचे औषध नाही. दक्षिण स्पेनमधील अंदालुसियात, पूर्वी कापूस घेतलेल्या जमिनींवरील ‘पिक्वाल’ जातीच्या बागांना तिचा मोठा फटका बसला. म्हणून तेथील संशोधकांनी ऑलिव्हच्याच मुळांत राहणारा स्यूडोमोनास जिवाणू हाताशी धरला. रोपवाटिकेतच तो मुळांवर वसवला, की पुढे लागणीची तीव्रता घटते. आपल्याकडे हरभऱ्याच्या मरीसाठी बियाण्याला चोळतात, त्या ट्रायकोडर्माचेही प्रयोग तेथे झाले. मात्र हे उपाय आधी करायचे. वाळलेले झाड त्यांनी पालवत नाही. — संपा.