तऱ्हाळ्याची नाणी आणि आजचे यंत्र

मालेगाव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे गाव उभे राहते. आमचे मालेगाव ते नव्हे. आमचे वाशिम जिल्ह्यातले, सोयाबीन-तुरीचे, काळ्या मातीचे. एकदा उन्हाळ्यात ओळखीतला एक तरुण शेतकरी घरी आला. हातात लांब दांडी आणि तिच्या टोकाला थाळी बसवलेले यंत्र. म्हणाला, "काका, मेटल डिटेक्टर मागवला आहे. छंद म्हणून. सुरुवात कुठून करू?" पाच मिनिटांत अंगणात दहा माणसे जमली आणि त्यातल्या एकाने विचारलेच, "हंडा सापडते का याच्यानं?"

हंड्याचे वेड आपल्याकडे जुने आहे. गुप्तधनासाठी मध्यरात्री पूजा मांडणारे, कोंबडा-बकरा कापणारे आणि त्याहून भयंकर थराला जाणारे लोक झाले. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी कृत्यांचाही समावेश आहे. त्या मानाने हे यंत्र प्रामाणिक. त्यात ना मंत्र, ना मांत्रिक.

यंत्राचे काम सोपे आहे. थाळीत तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यातही वीज खेळू लागते. तिचा परिणाम यंत्राला कळतो आणि ते आवाज करते. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांनी असेच यंत्र वापरून पाहिले होते. गोळी काही सापडली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधायला अशी यंत्रे फार उपयोगी पडली.

पण यंत्राला सोने आणि पत्रा यांतला फरक नीटसा कळत नाही. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच लागते. शिवाय आपली काळी माती अग्निजन्य खडकापासून झालेली. तिच्यात लोहाची चुंबकीय खनिजे असतात, त्यामुळे यंत्र मातीवरच कुरकुरत राहते. म्हणून मोकळ्या जमिनीवर थाळी वरखाली करून आधी त्याला मातीची सवय लावावी लागते. एवढे करून हाती लागतात ते खिळे, बाटल्यांची बुचे आणि गुटख्याच्या चकचकीत पुड्या. हे ऐकून अंगणातली निम्मी माणसे घरी गेली. उरलेल्यांना मी तऱ्हाळ्याची गोष्ट सांगितली.

तऱ्हाळा हे आपल्याच जिल्ह्यातले, मंगरुळपीर तालुक्यातले गाव. 1939 साली, म्हणजे हा भाग अकोला जिल्ह्यात होता तेव्हा, तिथे सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. दीड हजाराहून अधिक नाणी. ती सोन्याची नव्हती, चांदीचीही नव्हती. तांबे, कथील, शिसे अशा मिश्रधातूची, ज्याला अभ्यासक पोटिन म्हणतात. सराफाच्या दृष्टीने कवडीमोल. पण नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी त्यांच्यावरील अक्षरे वाचली, तेव्हा गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी अशा ओळखीच्या राजांबरोबर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही नावेही निघाली. पुराणांतल्या राजांच्या यादीत ही नावे नाहीत. आपल्या मातीने जपले नसते तर हे राजे इतिहासातून पुसलेच गेले असते.

योगायोग असा की त्याच 1939 साली वाशिमचा ताम्रपट उजेडात आला. तो वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या सदतिसाव्या राज्यवर्षातला, वत्सगुल्माहून दिलेला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. एकेकाळी येथे राजधानी होती, हे त्या तांब्याच्या पत्र्यांनी सांगितले. ते पत्रे कोणी मोडीत घातले असते तर त्यांची एक घागर झाली असती.

नाण्यांचे मोल ती एकत्र राहण्यात असते. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. सगळी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा पराभव करून त्याचे चलन आपल्या नावे चालवल्याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नाही. हीच नाणी सुटी सुटी सराफाकडे गेली असती तर चांदीचा भाव मिळाला असता, इतिहास मात्र आटला असता.

म्हणून त्या तरुणाला मी पहिली गोष्ट सांगितली ती पांढरीची. आपल्या जुन्या बोलीत शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. जुन्या वस्तीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून पांढर होते. ती खतासाठी गाड्या भरभरून शेतात नेण्याची रीत आहे. त्या मातीत थरावर थर असतात, खाली जुना, वर नवा. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी होते, हे कळले तर ते बोलते. उपटून काढलेले नाणे मुके होते. तेव्हा पांढर, गढी, किल्ला, जुने देऊळ येथे यंत्र न्यायचेच नाही. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खणणे तर गुन्हाच आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. 1878 चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर काय, कुठे, कधी सापडले हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण ते धन बेवारस ठरले आणि वेगळा करार नसला तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला, असेही तोच कायदा म्हणतो. सरकारने ते घेतले तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. हे शेतकऱ्याला ठाऊक नसते. धन सरकारजमा होणार, वर चौकशी मागे लागणार, या भीतीने गाठोडे रातोरात सराफाकडे जाते.

इंग्लंडमध्ये लोकांना विश्वासात घेतले गेले. 1996 साली तिथे नवा कायदा झाला, 1997 पासून शौकिनांनी शोधलेल्या वस्तूंची नोंद सुरू झाली. 2009 साली स्टॅफर्डशायरमधील एका शेतात टेरी हर्बर्ट या शौकिनाला सोन्याचा प्रचंड साठा लागला. त्याने कळवले आणि पुरातत्त्ववाल्यांनी पुढचे खणले. साठ्याची किंमत 32 लाख 85 हजार पौंड ठरली, ती तो आणि शेतमालक यांना विभागून मिळाली. साठा संग्रहालयात राहिला.

तरुणाला मग मी एवढेच म्हटले : स्वतःच्या शेतात, नांगरटीच्या थरापुरतेच शोध. वही ठेव. तारीख, गट नंबर, खोली लिही. जुनी वस्तू वाटली तर चिंचेने, राखेने घासू नकोस, अक्षरे जातात. एकाशेजारी दुसरे नाणे दिसले की हात थांबव, फोटो काढ आणि तहसीलमध्ये व जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळव.

आठ दिवसांनी तो वही घेऊन आला. पहिली नोंद होती : बैलाच्या खुराची पत्री, बांधापासून बारा पावले, चार बोटे खोल. "आजोबांच्या वेळची असंल," तो म्हणाला. त्याच्या घरी आता ट्रॅक्टर आहे, बैल नाहीत. ती पत्री त्याने कागदात गुंडाळून, वर तारीख घालून ठेवली आहे. त्याच्या छंदाची सुरुवात योग्य ठिकाणाहून झाली, असे मला वाटते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)