इंजिन बदलले, तर गाडी तीच राहते का? एका जुन्या पिकअपचा इतिहास (थ्रेड)

१/१२
२८ जून १९४७. दुसरे महायुद्ध संपून अद्याप दोन वर्षेही झालेली नव्हती. त्या दिवशी अमेरिकेत शेवरोले कंपनीने 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' मालिकेतील नवे ट्रक विक्रीस आणले. त्यांतील अर्ध्या टनाचा पिकअप म्हणजे '३१००'. हे पिकअप आजही रस्त्यावर दिसतात. मात्र अनेकांच्या बॉनेटखाली मूळ इंजिन उरलेले नाही. असे का झाले?

२/१२
मूळ इंजिन होते २१६.५ घनइंचांचे (सुमारे ३.५ लिटर): एका रांगेत सहा सिलिंडर, ९० अश्वशक्ती. या घराण्याचा प्रारंभ १९२९ च्या मॉडेलपासून झाला. 'चारच्या किमतीत सहा' ही त्या वेळची जाहिरात. त्याचे बोल्ट घरगुती शेगडीच्या बोल्टसारखे दिसत, म्हणून लोकांनी त्याला 'स्टोव्हबोल्ट' असे टोपणनाव दिले.

३/१२
या इंजिनाचे मर्मस्थान त्याच्या वंगणव्यवस्थेत होते. मुख्य बेअरिंगांना तेल दाबाने मिळे. कनेक्टिंग रॉडच्या टोकांना मात्र छोट्या पळ्या बसवलेल्या असत. खालच्या पन्हळीतील तेल त्या उडवून घेत. बेअरिंगही सुटे नव्हते. बॅबिट हा मऊ मिश्रधातू रॉडमध्ये वितळवून ओतलेला असे.

४/१२
शेतावरून बाजारात धान्य नेण्यास ही रचना पुरेशी होती. मागील अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ४.११, म्हणजे ओढ भरपूर, वेग बेताचा. परंतु १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले आणि तासन्‌तास भरधाव धावणे ही नित्याची बाब झाली. इंजिन तेच राहिले, त्याच्याखालचा रस्ता बदलला.

५/१२
अशा ट्रकच्या मालकापुढे पहिला पर्याय असतो तो मूळ इंजिनाच्या पुनर्बांधणीचा. इतिहासाच्या दृष्टीने हा सर्वांत शुद्ध मार्ग. अडचण सुट्या भागांपेक्षा हातांची आहे. बॅबिट ओतून अचूक मापात कापणारे कारागीर आता विरळ झाले आहेत. इंजिन जपायचे, तर ती विद्याही जपावी लागते.

६/१२
दुसरा पर्याय त्याच घराण्यातला: २३५ घनइंचांचे इंजिन. १९५४ च्या ट्रकमध्ये त्याला पूर्ण दाबाचे वंगण आणि बदलता येणारी बेअरिंगे मिळाली. शक्ती ११२ अश्वशक्ती. नवख्या डोळ्याला फरक जाणवतही नाही. नंतरच्या वर्षांतील इंजिनाचा वॉटर पंप मात्र लांब असतो. तो रेडिएटरला भिडू नये म्हणून जोडपट्टी लावून जुना पंप बसवतात.

७/१२
तिसऱ्या पर्यायाने सारा खेळच पालटला. एड कोल यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी १९५५ च्या मोटारींसाठी २६५ घनइंचांचे व्ही-८ इंजिन सिद्ध केले. पातळ ओतकाम, पत्र्यापासून दाबून घडवलेले रॉकर. आठ सिलिंडर असूनही वजन जुन्या सहापेक्षा कमीच. मोटारीत त्याची शक्ती प्रारंभीच १६२ अश्वशक्ती होती. हेच ते 'स्मॉल ब्लॉक'.

८/१२
त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य केवळ शक्तीत नव्हते. २६५ चे पुढे २८३ झाले, मग ३५०. तरी गिअरबॉक्स जोडण्याच्या छिद्रांची मांडणी कायम राहिली. त्यामुळे भंगारातील मोटारीचे इंजिन जुन्या ट्रकमध्ये बसवणे सोपे झाले. २०११ मध्ये कंपनीने दहा कोटीव्या स्मॉल ब्लॉकचा सोहळा केला. जे सर्वत्र मिळते, तेच सर्वत्र बसवले जाते.

९/१२
पण इंजिन एकटे येत नाही. १९४७ च्या पिकअपचा प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीत असतो आणि वीजव्यवस्था ६ व्होल्टची. व्ही-८ बसवताना बहुधा गिअरबॉक्स बदलतो, मग शाफ्ट, मग मागील अ‍ॅक्सल, मग वायरिंग. कंपनीनेही पुढे हे सारे बदल केले. मार्च १९५५ च्या नव्या मालिकेत उघडा शाफ्ट, १२ व्होल्ट आणि ऐच्छिक व्ही-८ एकत्र आले.

१०/१२
प्रश्न कागदोपत्रीही आहे. त्या काळी अमेरिकेतील अनेक राज्ये इंजिनावरील क्रमांकच वाहनाची ओळख म्हणून नोंदवीत. १७ अक्षरांकांचा प्रमाणित क्रमांक आला तो १९८१ च्या मॉडेलपासून. म्हणजे जुने इंजिन भंगारात गेले, की नोंदणीपत्रावरील गाडी कायद्याच्या नजरेतून नाहीशी होण्याचा धोका! इंजिन हा केवळ यंत्रभाग नव्हता, तो दाखला होता.

११/१२
आज पर्यायांत विजेचीही भर पडली आहे. २०१९ मध्ये शेवरोलेने १९६२ च्या सी-१० पिकअपमध्ये विद्युत मोटारी बसवून दाखवल्या. २०२१ मध्ये फोर्डने १९७८ च्या एफ-१०० मध्ये तेच केले. दोन्ही प्रात्यक्षिके खुद्द मूळ निर्मात्यांची. तेव्हा 'मूळपणा' कोणी ठरवायचा, हा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

१२/१२
ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाची तुरिन सनद येथे वाट दाखवते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंसाठी मांडलेला विचार ती वाहनांना लावते: बदल करावा लागलाच, तर त्याची नोंद ठेवावी आणि तो शक्यतो मागे घेता येण्याजोगा असावा. म्हणून जाणता मालक चौकट कापत नाही, काढलेले इंजिन विकत नाही. क्रमांकासह तेल लावून कोपऱ्यात जपून ठेवतो.

मुंबईतील शिवडीलाही हा धडा परका नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून तेथे शेवरोलेच्या मोटारी व ट्रक जोडले. १९५४ मध्ये ते काम थांबले. अशी एखादी गाडी कुठे कोठारात सापडली, तर तिचे इंजिन उतरवण्याआधी त्यावरील क्रमांक वाचून, लिहून ठेवावा. गाडी पुन्हा धावती करता येते. पुसलेली नोंद पुन्हा लिहिता येत नाही.